पटावर नसलेली मुले : शाळांची तुलना आणि १८८२चे पुणे

१/
दरवर्षी दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत फलक झळकतात : 'आमच्या शाळेचा निकाल १०० टक्के'. मग सरकारी की खासगी, मराठी की इंग्रजी, अनुदानित की विनाअनुदानित, अशी तुलना घरोघरी सुरू होते. मित्रहो, ही तुलना आजकालची नाही. आपल्या मुंबई इलाख्यात ती दोनशे वर्षे चालत आलेली आहे, आणि तिच्यावरचा सर्वांत मार्मिक आक्षेप पुण्यातील एका गृहस्थांनी १८८२ सालीच लेखी नोंदवून ठेवला आहे. आजचा धागा त्या आक्षेपाविषयी.

२/
आरंभ डिसेंबर १८२३ पासून करू. पेशवाई बुडून पाच वर्षे झाली होती. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी इलाख्यातील शिक्षणाविषयी एक विस्तृत टिपण लिहिले. शाळा कशा वाढवाव्यात, पुस्तके कोणती छापावीत, परीक्षा आणि बक्षिसे कशी असावीत, अशा अनेक गोष्टींचा विचार त्यात आहे. त्याच ओघात ते एक निरीक्षण नोंदवतात. त्याचा आशय असा की, सर्वांत खालच्या मानलेल्या जातींतील मुले हीच उत्तम विद्यार्थी ठरतात, असा मिशनऱ्यांना अनुभव येतो.

३/
शाळाशाळांतील विद्यार्थ्यांची तुलना करून काढलेला हा एक निष्कर्षच होता. पुढे काय व्हावे अशी आपली अपेक्षा असेल? जेथे गुण दिसतो तेथे शाळा काढाव्यात, अशीच ना! परंतु एल्फिन्स्टन लगेच सावध होतात. या लोकांना खास उत्तेजन देताना जपून राहावे, असे ते म्हणतात. कारण समाज त्यांना तुच्छ लेखतो, त्यांची संख्याही थोडी, आणि नवी विद्या प्रथम त्यांच्यात रुजली तर ती त्यांच्यापलीकडे कधी पसरणार नाही. एल्फिन्स्टन हे त्या काळातील समंजस आणि रयतेविषयी आस्था बाळगणारे प्रशासक होते, म्हणून हे वाक्य अधिकच बोचते. निकाल ठाऊक होता. धोरण त्याच्या उलट ठरले.

४/
याच सुमारास सरकारला एक साधा प्रश्न पडला : इलाख्यात मुळात शाळा आहेत तरी किती? १८२४ साली कलेक्टरांकडून माहिती मागवण्यात आली आणि १८२९ पर्यंत तिची एकत्रित बेरीज झाली. एकूण शाळा १,७०५. त्यांपैकी सरकारी केवळ २५, त्यांत १,३१५ विद्यार्थी. उरलेल्या १,६८० शाळा गावोगावच्या पंतोजींच्या, त्यांत ३३,८३८ विद्यार्थी. इलाख्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४७ लाख धरली होती. म्हणजे दर १३३ माणसांमागे शाळेत जाणारे मूल एक.

५/
पंतोजींची शाळा आणि सरकारी शाळा यांपैकी चांगली कोणती, हा वाद तेव्हापासूनचा. पण दोन्हींचे हेतूच निराळे होते. पंतोजींच्या ओटीवर मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, मोडी वाचायला-लिहायला शिकत, आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी अपूर्णांकांची उजळणी घोकून तोंडपाठ करीत. बाजारात उभे राहून तोंडी हिशेब करणारा मुलगा तयार करणे, हा त्या शाळेचा निकाल. सरकारी शाळा भूगोल, व्याकरण, बालबोध लिपीतील छापील पुस्तक यांकडे पाहत होती. एकाने दुसऱ्याच्या विद्यार्थ्याची परीक्षा घेतली तर तो नापास होणारच! दोघांना एकच माप लावता येत नव्हते, म्हणून जो तो आपल्या मापाने दुसऱ्याला मोजत राहिला.

६/
आता पंचवीस वर्षे पुढे, पुण्यात येऊ. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. १८५१-५२ मध्ये शाळांची संख्या तीनवर गेली. महार-मांग मुलांसाठीही निराळ्या शाळा निघाल्या. या शाळा देणग्यांवर आणि दक्षिणा फंडातून मिळणाऱ्या मदतीवर चालत. विरोध तर पावलोपावली होता. अशा शाळेला स्वतःची पत सिद्ध करण्याचा मार्ग एकच होता : जाहीर परीक्षा. लोकांना बोलवावे, युरोपियन अधिकाऱ्यांना बोलवावे, आणि मुलींना सर्वांसमक्ष वाचायला, हिशेब करायला लावावे.

७/
फेब्रुवारी १८५३ मध्ये पुण्यात झालेल्या अशा परीक्षेला २३७ मुली होत्या. त्याआधी १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला होता. 'पूना ऑब्झर्व्हर' या पत्रातील त्याच वर्षीचा एक मजकूर फुल्यांच्या चरित्रांतून वारंवार उद्धृत होतो. त्याचा आशय : जोतीरावांच्या शाळांतील मुलींची संख्या सरकारी शाळांतील मुलांच्या दहापट आहे, आणि तेथील अध्यापन सरकारी शाळांपेक्षा सरस आहे.

८/
येथे जरा थांबू. समाजमाध्यमांवर 'दहापट' हा शब्द मोठ्या अभिमानाने फिरतो, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाटीवर आकडा मांडून पाहावा. मुली जर अडीचशेच्या आत असतील, तर दहापटीच्या हिशेबाने पुण्यातील सरकारी शाळांत अवघी वीस-पंचवीस मुले उरतात. हे संभवत नाही. तेव्हा 'दहापट' हा वर्तमानपत्री उत्साह समजावा. त्याने मूळ घटनेचे मोल तसूभरही उणे होत नाही. मुलींची, तीही खासगी, शाळा सरकारी मुलांच्या शाळेशी तोलली जात होती आणि पारडे मुलींकडे झुकलेले एका इंग्रजी पत्राला दिसत होते, एवढे त्यातून निश्चित कळते. फुल्यांना परीक्षेचे वावडे नव्हते, हेही येथेच लक्षात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

९/
जून १८५६. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने उत्तर दिले ते वाचण्यासारखे आहे : मुलाची बाजू न्यायाची आहे, परंतु एकट्यासाठी त्याला इतरांत बसवले तर शाळाच बहुजनांना निरुपयोगी होऊन बसण्याचा धोका आहे. कलकत्त्याच्या सरकारला हे पटले नाही. पुढे १८५८ साली, सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा जातिभेद न करता सर्वांना खुल्या असतील, असे तत्त्व जाहीर झाले. कागदावर प्रश्न मिटला. धारवाडच्या शाळेचा त्या वर्षीचा निकाल काय लागला असेल तो असो. हा मुलगा त्या निकालात कोठेच नव्हता.

१०/
दरम्यान एक नवे माप जन्माला आले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. बसले १३२, उत्तीर्ण जेमतेम वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. आता सरकारी हायस्कूल, मिशनची शाळा आणि खासगी शाळा, तिन्हींची मुले एकाच प्रश्नपत्रिकेला बसू लागली. अमुक शाळेची इतकी मुले मॅट्रिक झाली, असे वाक्य प्रथमच अर्थपूर्ण झाले. आजच्या चौकातील फलकाचे मूळ या घटनेत आहे, असे म्हटले तरी चालेल.

११/
निकालाला पैशाची जोड मिळाली ती मात्र विलायतेत. १८६२ साली रॉबर्ट लो यांनी इंग्लंडच्या प्राथमिक शाळांसाठी नवी संहिता आणली. तिच्यात प्रत्येक मुलामागे हजेरीचे ४ शिलिंग आणि परीक्षेचे ८ शिलिंग अनुदान होते. वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांत इन्स्पेक्टर परीक्षा घेई. एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. हिशेब सोपा आणि निर्दय होता. शिक्षकांनी काय करावे? नेमलेले पुस्तक मुलांकडून पाठ करून घेतले. कवी मॅथ्यू अर्नल्ड हे स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते. त्यांनी या पद्धतीवर त्याच वर्षी कडक टीका लिहिली. मुलाला पुस्तक येते, वाचता येत नाही, हे ते आपल्या कामात रोज पाहत होते.

१२/
हीच कल्पना १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात आली. खासगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान मिळू लागले. सरकारी शिक्षण खात्याच्या दृष्टीने यात मोठी सोय होती : शाळा कोण चालवतो, काय शिकवतो, यात फार शिरायला नको, इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा यावे, उत्तीर्ण मुले मोजावीत आणि पैसे द्यावेत. शहरातील चांगल्या शाळांना ही पद्धत मानवलीही असती. पण ज्या गावात शाळाच नाही, तेथे निकाल कोणाचा मोजायचा?

१३/
३ फेब्रुवारी १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांनी शिक्षणाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. अध्यक्ष विल्यम हंटर. मुंबईचे काशिनाथ त्रिंबक तेलंग हे त्याचे एक सदस्य. सरकारी शाळा, मिशनच्या शाळा, देशी खासगी शाळा आणि पंतोजींच्या शाळा यांपैकी कोणावर किती खर्च करावा, हा आयोगापुढचा कळीचा प्रश्न होता. पुण्याने या प्रश्नाची दोन उत्तरे त्याच्यासमोर ठेवली. दोन्ही खासगी शाळा काढणाऱ्यांची, आणि एकमेकांहून अगदी निराळी.

१४/
पहिले उत्तर न्यू इंग्लिश स्कूलचे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी हायस्कुलातील नोकरी सोडली आणि बाळ गंगाधर टिळक, माधवराव नामजोशी यांच्यासह जानेवारी १८८० मध्ये ही शाळा उघडली. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर लवकरच येऊन मिळाले. सरकारी मदत नाही, शिक्षकांना तुटपुंजे वेतन, पण ध्येयाने भारलेली माणसे. पहिल्या वर्षाअखेर पटावर ३३६ मुले होती आणि पाचेक वर्षांत ती हजारावर गेली. मॅट्रिकमधील यशाने शाळेने अल्पावधीत नाव मिळवले. सरकारी अनुदान न घेता ही शाळा सरकारी हायस्कुलांशी यशस्वी स्पर्धा करू शकते, इतकेच नव्हे तर परदेशांतील शाळांशीही तिची तुलना होऊ शकेल, अशा आशयाचे प्रशस्तिपत्र खुद्द हंटर यांनी दिले. टिळकांच्या सर्व चरित्रकारांनी ते आवर्जून नोंदवले आहे.

१५/
थोडे विषयांतर करतो. हा गौरव झाला त्या वर्षी चिपळूणकर हयात नव्हते. १७ मार्च १८८२ रोजी ते वारले. टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन जुलैपासून डोंगरीच्या तुरुंगात होते. या खटल्यात त्यांच्यासाठी दहा हजारांचा जामीन दिला तो फुल्यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी. मतभेद टोकाचे होते, माणुसकी शाबूत होती.

१६/
न्यू इंग्लिश स्कूलचे यश खरे होते आणि कष्टाचेही. तरी त्याकडे पाहताना एक प्रश्न विचारावाच लागतो : त्या वर्गांत बसलेली मुले कोणाची होती? प्रामुख्याने शहरातील, ब्राह्मण आणि अन्य लिहित्या-वाचत्या जातींच्या घरांतली. ज्या मुलाच्या घरी आजोबा पोथी वाचतात, वडील कचेरीत कारकून आहेत, त्या मुलाच्या यशात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती? १८८२ साली हे वेगळे काढण्याचे साधन कोणापाशी नव्हते. त्यामुळे ज्या शाळेची मुले उत्तीर्ण झाली ती शाळा उत्तम, असा सरळ हिशेब सारेच करीत होते.

१७/
हे साधन प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते ८४ वर्षांनी, आणि तेही फार दूर, अमेरिकेत. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी केली. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळांतील इमारती, पुस्तके, प्रयोगशाळा यांतील तफावत हेच यशातील तफावतीचे कारण असेल, अशी सर्वांची अटकळ होती. १९६६च्या अहवालाने ती उलटवली : शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरची पार्श्वभूमी आणि सोबत शिकणारी मुले यांचा प्रभाव अधिक दिसला. पुढे १९८०च्या दशकात त्याच कोलमन यांनी कॅथलिक खासगी शाळा सरकारी शाळांहून सरस असल्याचे दाखवले, तेव्हा टीकाकारांनी त्यांनाच विचारले : अशा शाळेत मूल घालणारे पालक मुळातच निराळे नसतात काय?

१८/
आता परत पुण्यात, १८८२च्या ऑक्टोबरात येऊ. दुसरे उत्तर जोतीराव फुल्यांचे. आयोगाला सादर केलेल्या निवेदनावर त्यांनी तारीख घातली आहे १९ ऑक्टोबर १८८२. टिळक-आगरकर अद्याप तुरुंगातच होते. ते २६ तारखेला सुटले. फुल्यांचे वय तेव्हा ५५. पाठीशी मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा चालवण्याचा नऊ-दहा वर्षांचा अनुभव. निवेदन इंग्रजीत असून त्याची भाषा स्वच्छ आणि कोरडी आहे. 'गुलामगिरी'तील धगधगते फुले येथे क्वचितच दिसतात. बोलतो आहे तो शाळा चालवून थकलेला एक शिक्षक.

१९/
निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीविषयी त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यात शिक्षण पसरवायला ही पद्धत निरुपयोगी आहे. अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा उघडायला कोणता शिक्षक धजेल? त्याचे पोटच भरणार नाही. म्हणून गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि खास मदत चालू राहिलीच पाहिजे. या युक्तिवादाचे बळ पाहा. निकालावर पैसे मिळणार असतील, तर शिक्षक जेथे निकाल सोपा तेथेच जाणार. ज्या वस्तीत मूल पहिल्या वर्षी नापास होणार हे ठरलेलेच आहे, तेथे शाळाच निघणार नाही. आणि शाळा नाही म्हणून ती मुले कोणत्याही तुलनेत दिसणार नाहीत.

२०/
शिष्यवृत्त्यांविषयीही तीच दृष्टी. चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसते, असे ते मान्य करतात. परंतु त्याने इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही, असे लगेच पुढे नोंदवतात. ज्या जातींत शिक्षण पोचलेलेच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, ही त्यांची मागणी. पुढच्या शतकात ज्या विषयावर एवढे रण माजले, तो येथे दोन वाक्यांत मांडलेला आहे.

२१/
मग फुल्यांना शाळांची पारख नकोच होती काय? मुळीच नाही. १८५३च्या जाहीर परीक्षेची आठवण करा. या निवेदनातही ते तपासणी वाढवायला सांगतात : डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा यावे, आणि अधूनमधून पूर्वसूचना न देता यावे. परीक्षेच्या दिवशीची शाळा आणि एरवीची शाळा यांतील अंतर ओळखणारा माणूसच ही सूचना करील. शिक्षकाचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे, असेही ते म्हणतात. म्हणजे पगार निकालावर टांगलेला नको. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य.

२२/
पंतोजींच्या शाळांबद्दल मात्र फुले फारच कठोर आहेत. सरकारी अहवालाच्या आधारे ते अशा शाळा १,०४९ आणि विद्यार्थी सुमारे २७,६९४ सांगतात. फी दोन ते आठ आणे, शिकवणे पाढे, थोडे मोडी आणि काही धार्मिक पाठांतर. दुसरे काही जमले नाही म्हणून शाळा उघडणारे हे शिक्षक, अशी त्यांची संभावना आहे, आणि या वर्णनात जातीविषयीचा त्यांचा राग लपत नाही. अप्रशिक्षित पंतोजीला अनुदान म्हणजे पैसे पाण्यात, असे ते बजावतात. उजळणीच्या बळावर व्यापारी आणि कुळकर्णी घडवणाऱ्या या शाळांना ते पुरता न्याय देत नाहीत, असे माझे मत. पण शिक्षक प्रशिक्षित असेल तर त्याच शाळेला सढळ मदत करावी, असेही ते लिहितात. म्हणजे त्यांचा रोख शाळेच्या प्रकारावर नसून शिकवणाऱ्यावर आहे.

२३/
आणि मग येते ती मोजदाद, जी कोणत्याच शाळेच्या निकालात नव्हती. इलाख्यातील दहांपैकी नऊ गावांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नाही, असे म्हटले जाते, हे फुले आयोगापुढे मांडतात. महार-मांगांना जातीच्या पूर्वग्रहामुळे सर्व शाळांतून वगळले जाते. खास शाळा निघाल्या त्याही मोठ्या शहरांत. आणि खुद्द पुण्यात, या लोकांची वस्ती पाच हजारांवर असताना, शाळा एक आणि हजेरी तिसाच्या आत. त्यांनी स्वतः काढलेल्या शाळांपैकी महार-मांगांची एक शाळा चालू आहे, पण तिची स्थिती समाधानकारक नाही, अशी कबुलीही ते देतात. स्वतःच्या कामाविषयी इतके सरळ लिहिणारे संस्थापक दुर्मीळच.

२४/
आयोगानेच गोळा केलेले आकडे फुल्यांच्या बाजूने उभे राहिले. १८८१-८२ साली इलाख्याच्या प्राथमिक शाळांत तीन लाखांहून अधिक विद्यार्थी होते. त्यांत अस्पृश्य जातींचे २,८६२, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. माध्यमिक वर्गांत १७. महाविद्यालयांत एकही नाही. सेहेचाळीस वर्षांनी, १९२८ साली, सायमन कमिशनपुढे निवेदन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच कोष्टक मांडले. धारवाडच्या मुलाची हकिकत आणि एल्फिन्स्टन यांचे ते १८२३चे वाक्यही त्याच निवेदनात आहे. ते जरूर वाचा. जुने कागद पुरावा म्हणून कसे उभे करावेत याचा तो वस्तुपाठ आहे.

२५/
आयोगाने शेवटी केले काय? १८८३च्या अहवालात प्राथमिक शाळांसाठी निकालावर अनुदान बऱ्याच अंशी कायम ठेवले. मात्र मागासलेल्या भागांतील किंवा विशेष परिस्थितीतील शाळांना अपवाद करून निराळ्या नियमांनी मदत द्यावी, असे म्हटले. जातीच्या कारणाने कोणालाही सरकारी शाळेतून परतवू नये, या तत्त्वाचा पुनरुच्चार केला आणि अस्पृश्य मुलांसाठी वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावे, असेही सुचवले. म्हणजे फुल्यांचा आक्षेप नियमात बसला नाही, अपवादात मात्र जागा मिळवून गेला. इंग्लंडने ही पद्धत १८९०च्या दशकात मोडीत काढली. हिंदुस्थानात ती सोडून देण्याचे लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने जाहीर केले ते १९०४च्या ठरावात.

२६/
राहता राहिली वेगळ्या शाळांची गोष्ट. अस्पृश्यांसाठी निराळी शाळा ही प्रथम मदत वाटली. हळूहळू तीच भिंत झाली. कमी शिक्षक, कमी साधने, आणि शिकून बाहेर पडणाऱ्या मुलावर शाळेच्या नावाचाच शिक्का. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हाही या शाळा स्वतंत्रच होत्या. दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९१९ रोजी, त्यांनी हुकूम काढला : अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा येत्या दसऱ्यापासून बंद कराव्यात आणि त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत इतर मुलांबरोबर दाखल करून घ्यावे. त्यानंतर ती मुले इतरांच्याच पटावर, त्याच परीक्षेला बसू लागली.